आपो म्हणजे अग्नी

कऱ्हेच्या काठी वसलेल्या आमच्या बारामतीत लहानाचा मोठा झालेल्या प्रत्येकाच्या कानावर मोरोपंतांचे नाव केव्हा ना केव्हा पडतेच, परंतु इ. स. १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मलेल्या, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने या गावी स्थिरावलेल्या आणि १७९४ मध्ये येथेच देह ठेवलेल्या या पंडित कवीने जी एकशे आठ रामायणे रचिली, त्यांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. निरोष्ठ म्हणजे ज्यात ओष्ठ्य वर्ण नाहीत असे. प, फ, ब, भ, म हे उच्चारताना ओठास ओठ लागतो. ते सारे वर्ज्य करून रामकथा सांगावयाची, म्हणजे ज्याची कथा त्याचे नावसुद्धा घेता यावयाचे नाही, कारण ‘राम’ या शब्दाच्या अखेरीस ओठ मिटतातच. या रचनेकडे कोणी निव्वळ शब्दांची कसरत म्हणून पाहील, पण मला तिच्यात निराळेच काही दिसते. धान्याचा व्यापारी ज्याप्रमाणे मूठभर जोंधळा तळहातावर घेऊन त्याचा दाणा पारखतो, त्याप्रमाणे आपल्या भाषेतील प्रत्येक ध्वनी मुखात कोठे निपजतो हे जाणणारा हा पुरुष होता, आणि भाषा म्हणजे अर्थ वाहून नेणारे निर्जीव भांडे असून त्याच्या घडणीशी आपणास कर्तव्य नाही, अशी त्याची समजूत नव्हती.

ही दृष्टी बाळगून बारामतीच्या किंवा इंदापूरच्या आठवड्याच्या बाजारात कोणी तासभर नुसते उभे राहिले आणि डोळ्यांपेक्षा कानाला अधिक काम दिले, तर त्याला असे आढळून येईल की, जो मुलूख आपण अस्सल मराठी म्हणून समजतो, त्यात मराठीच्या बरोबरीने आणखी कितीतरी भाषा नांदत आहेत. टोपल्या, कणगी आणि झाप विणणारे कैकाडी गिऱ्हाइकाशी मराठीत घासाघीस करतात, पण आपसात जे बोलतात त्याचे नाते तमिळशी आहे. पिढ्यान्‌पिढ्या दगडमातीचे काम करून या टापूतील विहिरी, पाट आणि बांध ज्यांनी उभे केले त्या वडारांची घरातील बोली तेलुगूच्या कुळातली. फासेपारध्यांची भाषा गुजराथीच्या अंगाने जाणारी. उसाच्या फडापासून बाजाराच्या ओट्यापर्यंत या मंडळींशी आपला नित्याचा व्यवहार असतो. तथापि त्यांच्या तोंडची भाषा ऐकू आली की, ‘यांचे काहीतरी चालले आहे’ एवढेच म्हणून आपण पुढे चालू लागतो. त्या ‘काहीतरी’मध्ये हजार-दोन हजार वर्षांचा प्रवास साठलेला असतो, हे आपल्या गावीही नसते.

असे असले तरी कैकाडी, वडारी किंवा पारधी यांना निदान गणगोत आहे. कैकाड्याच्या शब्दाला तमिळनाडूत भाऊबंद सापडतात, वडाराच्या शब्दाला आंध्रात. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव-जामोद तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या निमाडच्या काही गावांत मात्र अशी एक भाषा बोलली जाते की, तिला या पृथ्वीच्या पाठीवर ज्ञात असा एकही आप्त नाही. तिचे नाव निहाली. काही ग्रंथांत ‘नहाली’ असेही लिहिलेले आढळते. बोलणारी माणसे अदमासे दोन ते अडीच हजार, म्हणजे आमच्याकडील एखाद्या मध्यम वाडीच्या वस्तीएवढी. युरोपातील बास्क भाषेविषयी, जपानच्या उत्तरेकडील ऐनूविषयी, नेपाळातील कुसुंडाविषयी भाषाशास्त्रज्ञ ज्या कुतूहलाने बोलतात, त्याच पंक्तीला बसणारी भाषा आपल्या राज्यात, आपल्याच एका तालुक्यात, आजही चुलीपाशी आणि रानात बोलली जाते, हे मराठी शाळेच्या कोणत्याही इयत्तेत मला कोणी सांगितले नाही.

तिचे शब्द प्रथम कानांनी घ्यावेत. निहालीत डोळ्याला ‘जिकित’ म्हणतात आणि नाकाला ‘चोन’. दात म्हणजे ‘मेंगे’, डोके म्हणजे ‘पेंग’, पोट म्हणजे ‘पोपो’, हात म्हणजे ‘बक्को’. झाड ते ‘अड्डो’, घर ते ‘अवार’, पाणी ते ‘जोप्पो’, आणि विस्तव ‘आपो’. पाच स्वर, त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद, ट-ड सारखे मूर्धन्य वर्ण, असा सगळा ध्वनींचा संसार मराठी माणसाच्या जिभेला परका वाटण्याजोगा नाही; वरील शब्द आमच्या गावातील कोणीही पहिल्या प्रयत्नात बिनचूक उच्चारील. महाप्राण वर्णही आहेत, पण ख-घ-थ-ध यांच्यापेक्षा क-ग-त-द यांचाच तेथे राबता मोठा. आणि ओठांचा तर भलताच: पाणी, अग्नी, डोके, पोट, हात, दात अशा मनुष्याच्या अगदी पहिल्यावहिल्या गरजेच्या शब्दांत ओष्ठ्य वर्ण येऊन बसले आहेत, त्यामुळे निहालीत निरोष्ठ काव्य रचावयाचे झाले असते तर आमच्या पंतांनाही देहाचे आणि पंचमहाभूतांचे वर्णन मोठ्या कष्टाने करावे लागले असते.

‘आपो’ या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. ज्याच्या कानावर थोडेबहुत संस्कृत गेले आहे त्याला ‘आपः’ म्हणजे पाणी हे ठाऊक असते. संधी होऊन त्याचे ‘आपो’ असे रूपही त्याने ऐकलेले असते. तेच दोन अक्षरांचे नाद सातपुड्यातील निहालाच्या तोंडी अग्नीचे नाव होऊन बसले आहेत. एकीकडे जे पाणी तेच दुसरीकडे आग! अशा ठिकाणी हौशी व्युत्पत्तिकार लगेच एखादी कथा रचतात, पाण्यातून अग्नी कसा निघाला याची पौराणिक साक्ष काढतात आणि दोन भाषांचे सोयरीक-संबंध जुळवून मोकळे होतात. वस्तुतः येथे काहीही संबंध नाही. मनुष्याच्या मुखातून निघू शकणारे ध्वनी मोजके आणि त्यांनी दाखवावयाच्या वस्तू असंख्य. तेव्हा दोन परक्या भाषांत एखादा ध्वनिसमूह सारखा येणे हा केवळ योगायोग होय. निहाली सर्वनामे पाहिली म्हणजे हे अधिकच पटते. ‘मी’ याला निहालीत ‘जो’ म्हणतात, ‘तू’ याला ‘ने’ आणि ‘तुम्ही’ याला ‘ला’. जो, ने, ला: तिन्ही अक्षरे मराठीच्या व्याकरणात रोजची राबती आहेत, एक संबंधी सर्वनाम, दुसरे तृतीयेचा प्रत्यय, तिसरे द्वितीया-चतुर्थीचा. ‘जो रामाने मला दिला’ एवढ्या चार शब्दांत आपण ती तिन्ही उच्चारून जातो. निहालाच्या कानाला त्यांतून ‘मी’, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ ऐकू येत असतील.

मग भाषांचे नाते ठरते तरी कशाने? शब्दांच्या सारखेपणाने नव्हे, तर शब्दांतील फरकाच्या नियमितपणाने. संस्कृतातील हस्त, सप्त, अष्ट, कर्ण, सर्प हे शब्द घ्यावेत आणि त्यांच्यापुढे मराठीतील हात, सात, आठ, कान, साप हे मांडावेत. जोडाक्षर सुटे झाले आणि त्याच्या मागचा स्वर दीर्घ झाला, असा एकच कायदा या साऱ्या पंक्तीला लागू पडतो. पलीकडे कर्नाटकात पाहावे: तमिळात दुधाला ‘पाल्’, वाघाला ‘पुलि’, फुलाला ‘पू’ म्हणतात, तर कानडीत त्यांचेच ‘हालु’, ‘हुलि’, ‘हूवु’ होते, जेथे जेथे तमिळ ‘प’ने आरंभ करते तेथे तेथे कानडीत बहुशः ‘ह’ उभा. असा फरक ओळीने शंभर शब्दांत आढळला म्हणजे दोन भाषा एका आईच्या आहेत असा दाखला मिळतो, आणि तो तलाठ्याच्या दप्तरातील वारसनोंदीपेक्षा अधिक खात्रीचा असतो. निहालीच्या बाबतीत हा कायदा चालवून पाहण्याचे यत्न पुष्कळ झाले. तिचे निकटचे शेजारी म्हणजे कोरकू. त्यांची भाषा मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची दूरची बहीण. कोरकूत डोळा म्हणजे ‘मेद’, विस्तव म्हणजे ‘सिंगेल’, पाणी म्हणजे ‘डा’. संथाळीतही या शब्दांची जवळजवळ हीच रूपे सापडतात. निहालीचे जिकित, आपो, जोप्पो यांपैकी कशाशीही जुळत नाहीत. द्राविडी भाषांतील ‘कण्’, ‘ती’, ‘नीर’ यांच्याशी नाही, आणि अक्षि-अग्नि-उदक यांच्याशी तर नाहीच नाही.

ग्रियर्सन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, १९०६ साली, स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने निहालीचा नमुना प्रसिद्ध केला. मूळची मुंडा असलेली आणि मागाहून इतरांच्या सहवासाने मिश्र झालेली बोली अशी त्याची समजूत होती. पुढे १९५७ मध्ये सुधीभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष निहालांमध्ये जाऊन केलेली टिपणे छापली, आणि त्यांच्या आधारे १९६२ साली एफ. बी. जे. क्यूपर या डच संस्कृतज्ञाने ॲम्स्टरडॅमहून निहालीवर एक स्वतंत्र ग्रंथ काढला. क्यूपर यांनी शब्द न्‌ शब्द चाळणीतून काढला. त्यांच्या हिशेबाने उपलब्ध शब्दसंग्रहापैकी सुमारे ३६ टक्के शब्द कोरकूशी जुळणारे, सुमारे ९ टक्के द्राविडी, आणि बराच भाग मराठी-हिंदीसारख्या शेजारच्या आर्य भाषांतून घेतलेला. हे सगळे वजा जाता जवळजवळ चौथा हिस्सा असा उरला की, ज्याचे कूळ भारतात कोठेही लागेना. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, डोळा, नाक, पाणी, विस्तव, झाड हे शब्द त्या चौथ्या हिश्श्यात मोडतात. कोणतीही भाषा उसने आणते ते बाजारातील मालाचे, सरकारदरबारचे, नव्या हत्यारांचे शब्द. आपण मराठीत ‘तालुका’, ‘दस्तऐवज’, ‘इंजिन’ आणले, पण डोळ्याला आणि पाण्याला परक्याचे नाव घेतले नाही. तेव्हा निहालीचा तो चौथा हिस्सा हेच तिचे मूळ घर, आणि बाकीच्या खोल्या मागाहून बांधलेल्या, असे मानण्यास जागा आहे.

त्या मागाहून बांधलेल्या खोल्यांतही इतिहास आहेच. निहालीत एक म्हणजे ‘बिदुम’, दोन म्हणजे ‘इरार’, तीन ‘मोथो’, चार ‘नालो’. बिदुमचा ठावठिकाणा लागत नाही. इरार आणि नालो मात्र ज्याला कानडीतील ‘एरडु’ आणि ‘नाल्कु’ ठाऊक आहेत त्याला ओळखीचे वाटतील, मोथोही त्याच माळेतला. आणि पाचापासून पुढे आपल्याकडील आर्य भाषांचेच आकडे सुरू होतात. आता विचार करावा. आज निहालांच्या अवतीभोवती राहणारे कोरकू ‘मिया, बारी, आफई, उफुन’ अशी गणती करतात. निहाल त्यांच्याकडून शेकडा छत्तीस शब्द घेतात, पण दोन-तीन-चार हे आकडे घेत नाहीत. ते आकडे ज्यांच्याकडून घेतले ते द्राविडी भाषिक कधीतरी या डोंगरांत निहालांचे शेजारी असले पाहिजेत, आणि तेही आकडे उसने घेण्याइतका देवघेवीचा संबंध येण्याजोगे. या शेजाराची नोंद कोणत्याही बखरीत, ताम्रपटात किंवा पेशवे दप्तरात नाही. ती एवढ्या तीन आकड्यांतच काय ती आहे. जमिनीत जसे मातीचे थर एकावर एक बसतात तसे पाचापर्यंत मोजताना निहालाच्या जिभेवरून तीन युगे सरकतात: पहिला आकडा कोणाचाच नाही असा, पुढचे तीन दक्षिणेचे आणि पाचवा आमचा.

व्याकरणाकडे वळले तर वाक्याची धाटणी आपल्यासारखीच, कर्ता आधी, कर्म मध्ये आणि क्रियापद शेवटी. विभक्तीचे काम नामाला मागून चिकटणारे प्रत्यय करतात, आणि ‘ता’ हा प्रत्यय लावला की नामाचे अनेकवचन होते. क्रियापद मात्र मराठीच्या मानाने फारच सुटसुटीत. आपल्याकडे ‘मी गेलो, मी गेले, तू गेलास, ती गेली’ असा कर्त्याच्या पुरुषाचा, लिंगाचा आणि वचनाचा सगळा भार क्रियापदाने वाहावा लागतो. निहाली क्रियापद काळाचा प्रत्यय घेऊन निवांत राहते, कर्ता कोण हे कर्त्यानेच सांगावे. पण जेथे आपण दरिद्री झालो तेथे ती श्रीमंत आहे. संस्कृतात एकवचन आणि बहुवचन यांच्यामध्ये द्विवचन होते; मराठीपर्यंत येता येता ते पार झिजून गेले. आता शेतकऱ्याची बैलजोडी असो, नवराबायको असोत की डोळे असोत, दोन काय आणि दोनशे काय, व्याकरणाला सारखेच. निहालीत ‘जो’ म्हणजे मी, ‘त्येको’ म्हणजे आम्ही दोघे, ‘इंगी’ म्हणजे आम्ही पुष्कळ. तसेच ‘ने’ म्हणजे तू, ‘नाको’ म्हणजे तुम्ही दोघे, ‘ला’ म्हणजे तुम्ही सर्व. दोन ही संख्या मनुष्याच्या आयुष्यात निराळी आहे, दोघांचे गूज तिघांचे होत नाही, ही गोष्ट या भाषेने व्याकरणातच नोंदवून ठेवली आहे. (येथे ‘नाको’ ऐकून मराठी माणसाला कोणी नकार देत आहे असे वाटू नये.)

सर्वनामांचा विषय निघालाच आहे तर मराठीने जे राखले त्याचाही निर्देश केला पाहिजे, कारण आपण ते इतके रोज वापरतो की त्याची किंमत आपल्याला उरलेली नाही. बारामतीच्या एखाद्या घरातील मुले पाहुण्याला ‘आम्ही जत्रेला चाललोय’ म्हणाली तर पाहुण्याने ओळखावे की, आपणास बोलावणे नाही. आणि तीच मुले ‘आपण जत्रेला जाऊ’ म्हणाली तर त्याने चपला पायांत घालाव्यात. ऐकणाऱ्याला वगळणारा ‘आम्ही’ आणि त्याला पोटात घेणारा ‘आपण’, असा भेद हिंदीत ‘हम’ म्हणून भागवणाऱ्याला करता येत नाही, इंग्रजीत तर मुळीच नाही. आत्मन् शब्दापासून निघालेला ‘आपण’ या कामी लावावयाची युक्ती मराठीला द्राविडी शेजारातून सुचली असावी, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात; तमिळात ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ हा भेद स्पष्ट आहे. म्हणजे आपल्या बाजारातील वडाराच्या आणि कैकाड्याच्या मूळ भाषांनी जो भेद जपला तोच आपल्या जिभेवरही आहे. कोरकूतही ‘अले’ म्हणजे तुला सोडून आम्ही, आणि ‘अबुंग’ म्हणजे तुझ्यासह आपण. आणि हाच भेद सात समुद्रांपलीकडे, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी शॉनी लोकांच्या भाषेत तंतोतंत आढळतो: ‘नीलवे’ म्हणजे आम्ही, ‘कीलवे’ म्हणजे आपण. शॉनीत तर नामांचे वर्गही पुरुष-स्त्री असे नसून सजीव आणि निर्जीव असे पडतात, आणि त्याप्रमाणे क्रियापद बदलते.

शॉनी लोकांना त्यांच्या ओहायो नदीच्या मुलखातून हुसकत हुसकत अखेर ओक्लाहोमात नेऊन बसविण्यात आले. १८३५ साली त्यांच्या भाषेत एक वृत्तपत्र निघाले होते, जांभेकरांच्या ‘दर्पण’नंतर अवघ्या तीन वर्षांनी; त्याच भाषेला २०२० मध्ये टोळीच्या पंचायतीने संकटग्रस्त म्हणून जाहीर केले आणि २०२१ ते २०३० हे दशक तिच्या पुनरुज्जीवनास वाहिले, कारण अस्खलित बोलणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. निहालीत कधी वृत्तपत्र निघाले नाही, तिला स्वतःची लिपी नाही आणि तिच्यासाठी ठराव करणारी पंचायतही नाही.

निहाल हे कोरकूंच्या गावांत राहून बहुधा त्यांच्या शेतांत मजुरी करणारे, आणि सामाजिक उतरंडीत त्यांच्याही खालचे मानले गेलेले. घराबाहेर कोरकू, बाजारात मराठी किंवा हिंदी, आणि निहाली फक्त आपल्या माणसांत, तीही परका जवळ आला की थांबवायची, असा त्यांचा शिरस्ता. या लपवालपवीवरूनच पंडितांत एक तर्क निघाला. क्यूपर यांनी अशी शक्यता बोलून दाखविली की, निहालीतील काही शब्द मुद्दाम बनविलेले, परक्याला कळू नये म्हणून योजिलेले असावेत. म्हणजे निहाली ही अंशतः सांकेतिक भाषा, ज्याला आपण चोरभाषा म्हणतो तसली, असू शकेल. क्यूपर हे फार मोठे विद्वान, त्यांची सावधगिरीही मोठी. तरीही हा तर्क वाचताना मला अस्वस्थ वाटते. आमच्या भागातील पारधी-कैकाड्यांच्या वाट्याला काय आले ते आम्ही जाणतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या, त्यांच्या हजेऱ्या लावल्या, त्यांना काटेरी तारेच्या वसाहतींत कोंडले, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावरही ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत तो कलंक कागदोपत्री पुसला गेला नाही. ज्याच्याकडे शिपाई संशयाने पाहतो त्याची भाषाही संशयित ठरते. आणि भाषा संशयित ठरली की तो ती लपवितो. आणि लपविली की ‘पाहा, गुप्त भाषा आहे’ असे म्हणावयास सगळे मोकळे. मनुष्य आपली बोली लपवितो ती पुष्कळदा भीतीने आणि त्याहून अधिक लाजेने. शाळेत हसू होईल या धास्तीने आमच्या वस्तीवरचे पोर आपल्या आईला चारचौघांत तिच्या भाषेत हाक मारीत नाही. त्याच्याजवळ कोणते गुपित असते? डोळ्याला, दाताला आणि पाण्याला जे शब्द आहेत ते दरोडा घालताना उपयोगी पडणारे शब्द नव्हेत.

लाजेचा परिणाम कायद्याहूनही दूरवर जातो. सातपुड्यातील पुष्कळ निहाल आज निहाली बोलतच नाहीत. मेळघाटाकडील निहाल कोरकू होऊन गेले, खालच्या अंगाचे मराठी-हिंदीत मिसळले. कोरकू भाषा २०११ च्या खानेसुमारीत सुमारे ७ लाख २७ हजार लोकांची. तिच्या पोटात दोन-अडीच हजारांची भाषा विरघळण्यास किती पिढ्या लागणार? खानेसुमारीच्या तक्त्यात तर निहालीचे नावच सापडत नाही. १९७१ पासून सरकारने असा नियम केला की, ज्या भाषेचे भाषक दहा हजारांहून कमी तिचे नाव स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावयाचे नाही, ती ‘इतर’ या रकान्यात ढकलावयाची. जिला जगात एकही नातेवाईक नाही तिला ‘इतर’ म्हणणे हा एका परीने बिनचूक शब्द झाला. परंतु त्या रकान्यात तिच्यासह किती भाषा एकमेकींच्या खांद्यावर उभ्या आहेत आणि त्यांतील कोणती केव्हा कोसळली, हे त्या कागदावरून कोणालाही कळणार नाही. युनेस्कोने तिला अत्यंत संकटग्रस्त भाषांत घातले आहे.

काम झाले नाही असे नाही, आणि ते बव्हंशी आपल्या पुण्याच्याच आसऱ्याने झाले याचा मला अभिमान वाटतो. डेक्कन कॉलेजात ज्यांची भाषाशास्त्रातील कारकीर्द गेली त्या के. एस. नागराज यांनी आधी कोरकूचे आणि नंतर निहालीचे व्याकरण सिद्ध केले; त्यांचा निहालीवरील ग्रंथ, व्याकरण, कथा आणि शब्दसंग्रह यांसह, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने २०१४ मध्ये प्रकाशित केला. आशा मुंडले यांनी निहालीचा शब्दकोश आणि ‘निहाल कोण, ते काय बोलतात’ या प्रश्नाची चर्चा १९९६ मध्ये मांडली होती. डेक्कन कॉलेजातच असताना शैलेंद्र मोहन यांनी जामोदच्या परिसरात जाऊन निहालांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी २०१३ मध्ये संपादित केला, त्यात भटक्यांच्या आणि आदिवासींच्या भाषांना मराठीच्या शेजारी मानाने बसविले आहे. हे ग्रंथ आमच्या तालुक्याच्या वाचनालयांत असावेत, आणि मोरोपंतांच्या कपाटाच्या शेजारच्या कपाटात असावेत, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

पुढील खानेसुमारीसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख मुक्रर झाली आहे. गणकाच्या हातातील प्रश्नावलीत मातृभाषेचा प्रश्न असतो, आणि त्याविषयीचा दंडक असा की, सांगणारा जे नाव सांगेल तेच जसेच्या तसे लिहून घ्यावयाचे. ते कोणत्या भाषेत मोडते याचा निवाडा गणकाने करावयाचा नाही, तो मागाहून वरच्या कचेरीत होतो. जामोदकडील एखाद्या ओसरीवर बसून गणक हा प्रश्न विचारील तेव्हा घरधनी काय सांगेल? ‘कोरकू’ म्हणाला तर कोणी हरकत घेणार नाही, ‘मराठी’ म्हणाला तर गणकालाही बरे वाटेल. इंदापूरच्या पारधी वस्तीवर आणि बारामतीच्या कैकाड आळीतही तोच प्रश्न त्याच दिवसांत विचारला जाईल. उत्तर देणारा क्षणभर गणकाच्या तोंडाकडे पाहील, आत चुलीपाशी बसलेल्या आईकडे पाहील, आणि मग बोलेल.